वरच्या मजल्याचं कुलूप

"आपल्या वरच्या मजल्यावर नक्की कोण राहतं?"

भर पंगतीत विचारलं मी. आत्याचे यजमान राधाकृष्ण मामा, त्यांच्या ताटात पुरणाचा दुसरा धोंडा पडत होता, काकांची बोटं आमरसाच्या वाटीत होती, आणि तूप वाढायला वाकलेली आई तशीच वाकून राहिली. तूप मात्र थांबलं नाही. धोंड्यावरून ते वरणात गेलं, वरणातून चटणीत, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत मामांनी सगळं एकत्र कालवून खायला सुरुवात केली.

पैज रेश्माची होती. दहावीच्या सुट्टीतल्या वर्गाबाहेर आम्ही सायकली काढत होतो. कल्याण सरांची शिकवणीची जागा जाणार होती, कारण जागामालकाला तिथं लेकाला मोबाईलचं दुकान टाकून द्यायचं होतं. त्यामुळे सर दुखरा गुडघा ओढत बोल्हेगावच्या गल्ल्या पालथ्या घालत होते. "दिशे, तुमचा वरचा मजला बांधल्यापासून कुलपात," रेश्मा म्हणाली. "भूत पाळलंय का?" मी सायकलच्या स्टँडशी झटापट केली. सत्यशीला लगेच म्हणाली, "हिनं घरात कधी विचारलंच नसणार. बघ तोंड." मी म्हणाले, विचारीन. "आईला कोपऱ्यात घेऊन नाही," रेश्मा म्हणाली. "काका येतील तेव्हा. सगळ्यांसमोर. हरलीस तर तिघींची मिसळ तुझ्याकडं."

मिसळीचे पैसे माझ्याकडे नव्हते, हे एक. दुसरं म्हणजे, फेब्रुवारीत वक्तृत्व स्पर्धेत माइक हातात आला तेव्हापासून मला एक गोष्ट कळली आहे. प्रश्न तोंडातून बाहेर पडला की भीती ऐकणाऱ्याकडे जाते, आपल्याकडे राहत नाही.

"कोन राहतं म्हंजी?" मनकर्णा आत्या म्हणाली. आत्या सगळ्यांत थोरली, पप्पा आणि काका दोघंही तिला आक्का म्हणतात आणि दोघंही तिच्यासमोर पाय पसरून बसत नाहीत. "तुजा काका राहतो."

"काका तर चाकणला राहतात."

"मंग? मजला त्याचाच हाय की."

"मजला त्यांचा आहे. राहतं कोण, ते विचारतेय."

मामांना घासात हसू आलं आणि ठसका लागला. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण, तो ठसकला तर घरादाराला पाप.

"दिशा," पप्पा म्हणाले, "जेव."

इतकंच. पण त्यांच्या आवाजावरून कळलं की मी त्यांचा मुहूर्त मोडला होता. कारण हा प्रश्न, म्हणजे ह्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ, पप्पा स्वतः विड्याच्या वेळी काढणार होते. गेले तीन आठवडे ते त्याचीच तयारी करत होते.

गोष्ट अशी आहे. आमचे अमृत आजोबा, पप्पांचे आण्णा, खर्ड्याहून दरवर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की घर उचलायचं, उसाच्या फडावर पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी करायची, हंगाम संपला की कोपी मोडायची. त्यांनी मरताना दोन्ही लेकांना सांगितलं, एकावर एक स्लॅब टाका, आणि एकाच जिन्यानं चढा-उतरा. म्हणून आठ वर्षांपूर्वी सहादेव काकांनी आणि पप्पांनी मिळून गृहकर्ज काढलं, दोघांच्या नावावर. खाली आम्ही, वर काका. जिना बाहेरून. वास्तुशांत झाली, काका चाकणला नोकरीवर परत गेले, आणि पप्पांनी वरच्या दाराला पितळी कुलूप घातलं. दर शनिवारी आई वर जाते, झाडते, पुसते, खाली येते. किल्ली देवघराच्या खुंटीला. दसऱ्याला पप्पांच्या पाने-पकडींबरोबर ती किल्लीसुद्धा धुतली जाते, तिला झेंडूचं फूल मिळतं.

दोन वर्षांपूर्वी काकांचा अर्धा हप्ता यायचा बंद झाला. पप्पांनी विचारलं नाही. थोरल्या भावाला पैशाचं विचारायचं नसतं, असं त्यांचं. ते एमआयडीसीत ओव्हरटाइम करून पूर्ण हप्ता भरत राहिले. दिवाळीनंतर ओव्हरटाइम गेला, मग पाळ्या आठवड्याला तीन झाल्या. दोन हप्ते चुकले. सावेडीतल्या लोनच्या कचेरीत मॅडम चांगल्या बोलल्या. मुदत वाढवून हप्ता कमी करून देता येईल, म्हणाल्या, पण दोन गोष्टी लागतील. दोन्ही भावांच्या अर्जावर सह्या, आणि कमी केलेला हप्ता तरी कुठून भरणार त्याचा काहीतरी पुरावा. तिसरा हप्ता चुकायच्या आत. नाहीतर पुढं काय होतं ते त्यांनी तसंच चांगलं बोलून सांगितलं, आणि पप्पांना रात्रभर झोप लागली नाही.

आता कुणीही शहाणा माणूस अर्ज घेऊन चाकणला गेला असता. पप्पांनी आक्काला आणि दाजींना, म्हणजे आत्याला आणि मामांना, धोंड्याचं जेवण सांगितलं. दाजींना बोलावलं म्हटल्यावर थोरल्या मेव्हण्याला यावंच लागतं, म्हणजे काका येणार. आणि साधं जेवण नाही. तेहतीस अनारशांचं वाण, त्यावर चांदीचा दिवा, मामांना पोशाख, आत्याला साडी. आईची भिशी ह्या महिन्यात लागली होती, ती त्यात गेली. हप्ता कमी करायची सही मिळावी म्हणून आमच्या घरात चांदी आली. हे फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

"पोरगी बरोबर इचारतीय," काका म्हणाले.

त्यांनी बोटं चाटून हात ताटाकडेला ठेवला. "वर कुनी राहत न्हाई. आन् राहणार पन न्हाई, हनमा. मी पन तेच बोलायला आलोय. मला एक गिऱ्हाईक भेटलंय. चांगला भाव देतोय. विकून टाकू. कर्ज फिटंल, उरंल ते अर्धं-अर्धं."

आता पप्पांचा, म्हणजे काकांच्या हनमाचा, हात थांबला.

"दादा," ते म्हणाले, "मी हप्ता कमी करून घ्यायचं बघतोय. अर्ज आणलाय. तुमची एक सही..."

"इकायचं म्हणल्यावर सही कशाला?"

"दादा, पण आण्णांनी..."

"आण्णा गेले. आन् आण्णा असते तर त्यांनी कवाच कोपी उचलली असती. फड संपला की उठायचं, हे त्यांनीच शिकवलं आपल्याला."

पप्पांनी आमरसाचं भांडं जवळ ओढलं. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील. मी वाट बघितली. ते बोलले ते असं, "आमरस वाढू का, दादा?"

मला त्या क्षणी पप्पांचा इतका राग आला की मी माझा धोंडा अर्धा टाकला.

पुढचं स्वयंपाकघरातलं मी पाहिलं नाही. आईनं सांगितलं, आणि आई सांगताना कुणालाही सोडत नाही, स्वतःलासुद्धा.

ताटं उचलून आत्या आत आली ती काकांच्या बाजूनंच. तिच्या लेकीच्या लग्नात मांडवाचा सगळा खर्च काकांनी उचलला होता, आणि आत्या उपकार विसरत नाही. "सविता, सादेव काय वंगाळ बोलत न्हाई," ती म्हणाली. "झेपत नसंल तर इकावं. खर्ड्याला घर हाय की."

आई खरकटं काढत होती. ती म्हणते, तिनं ठरवलं होतं की आज एक शब्द बोलायचा नाही, नणंद माहेरपणाला आली आहे. पण खरकटं काढता काढता तिच्या हातात तो धोंडा आला, मी अर्धा टाकलेला. आणि आईला अन्न टाकलेलं सहन होत नाही.

"विकू की," आई म्हणाली. "मग पुढच्या धोंड्याला तुम्ही कुठं येणार, ताई? चाकणला भाऊजींच्या फ्लॅटमध्ये पाटावर बसायला जागा आहे का, बघून आलात?"

"हे बग, मला टोमनं मारू नगंस."

"टोमणा नाही. विचारतेय. आज घरात सगळे प्रश्नच विचारतायत, मी पण एक विचारते."

"तुलाच तर वरचं भाड्यानं द्यायचंय. समदं कळतं मला. तू हनमाच्या मागं लागली हुतीस म्हनं."

"लागले होते. चार वर्षं लागलेय. तुमच्या भावाचं एकच, दादाच्या खोलीत परका माणूस झोपणार नाही. मग मी म्हटलं, बरं. दर शनिवारी वर जाऊन फरशी पुसते. माझ्या घरातली फरशी रविवारी पुसली जाते, ताई. तुमच्या भावाची शनिवारी."

आत्या म्हणाली, पुसत असशील, त्यात काय.

आईनं हात धुतले, देवघरातून किल्ली काढली आणि आत्याच्या तळहातावर ठेवली. "जाऊन बघा. मी येत नाही. मी आले तर म्हणाल दाखवायला आणलं."

आत्या गेली. तिच्यामागे मी गेले, कारण मला कुणी थांबवलं नाही.

खरं सांगते, मीसुद्धा वर फार कधी गेले नव्हते. कुलूप एका हिसक्यात उघडलं, त्याला तेल होतं. आत वाळ्याचा वास. खिडकीशी काकांची खाट, तिच्यावर पांढरी चादर, कडा सारख्या खोचलेल्या. खुंटीवर टॉवेल, घडीच्या खुणा अजून मोडलेल्या नाहीत. आणि समोरच्या भिंतीवर आजोबांचा कोयता, खोबरेल लावून पुसलेला, इतका चकचकीत की त्यात आत्याचं कपाळ दिसत होतं.

आत्यानं चादरीवरून हात फिरवला. तळवा उलटा करून बघितला. धूळ नव्हती. ती खाटेवर बसली नाही, खाली फरशीवर बसली, त्या शनिवारच्या फरशीवर.

"ह्याला काय म्हनावं," ती म्हणाली. माझ्याशी नाही, कोयत्याशी. मग माझ्याकडे वळली. "जा. दोघांला बी वर बोलीव. म्हनावं आक्कानं बोलीवलंय. आन् मामांला म्हनावं तुमी खाऊन घ्या."

मी खाली गेले. मामांना निरोप दिला. ते म्हणाले, "मी कवापासून तेच करतोय," आणि अनारशाला हात घातला.

वरच्या खोलीत जे झालं त्याचा अर्धा भाग मी दारातून ऐकला. आणि पप्पांच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. गाडीवर मागं बसलं की पप्पा बोलतात. तोंड दिसत नसलं की त्यांना सोपं जातं.

जिना चढताना पप्पा पायऱ्या बघत होते. ते म्हणतात, त्यांना आठवलं की हा जिना बांधताना काकांनी स्वतः पाटी उचलली होती, पँट दुमडून, आणि पप्पा खालून विटा देत होते. आणि त्यांना वाटलं, आता ह्याच पायऱ्यांवरून वर जाऊन आपण विकायला हो म्हणणार. त्यांनी मनात हो म्हणून टाकलं होतं. भांडण नको म्हणून. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्या पाठीत बुक्की मारली.

काका दारात थांबले. आत आले नाहीत.

"ये की," आत्या म्हणाली. "तुजीच खोली हाय."

"माजी?" काका कुलपाकडं बघत होते. आत्यानं ते कडीलाच अडकवून ठेवलं होतं. "माजी असती तर मी त्या दिशी एस. टी. स्टँडवर झोपलो नसतो."

कुणाला काही कळलं नाही.

"दोन वर्षांमागं. लगीन हुतं केडगावला. रातच्याला इथं मुक्काम करू म्हणलं. आलो. तुमी खर्ड्याला गेल्ते. खालचं बंद असंल, ते कळतंय. वर आलो तर वर पन कुलूप. केवढं ते पितळी. माज्या दाराला. मला किल्ली दिली हुती का कुनी कधी?"

पप्पांचं तोंड उघडं राहिलं.

"मी म्हणलं, बरंय. मजला सादेवचा, हप्ता सादेवचा, आन् किल्ली हनमाच्या खुंटीला. मंग हप्ता तरी कशाला? म्हणून बंद केला."

"दादा, धूळ जाऊ नये म्हणून लावलं होतं," पप्पा म्हणाले. "उंदीर होते शेजारच्या गोदामात. तुमची गादी कुरतडतील म्हणून. किल्ली... किल्ली देवाजवळ ठेवली होती, दादा."

हे ऐकून कुणालाही रडू आलं असतं. पण आत्या रडायच्या घराण्यातली नाही. "आन् दोन वरसं फोन कुटं हुता तुजा?" तिनं काकांना विचारलं. "स्टँडवर झोपलास ते झोपलास. सकाळी उठून इचारायचं न्हवतं का, का रं हनमा, कुलूप का? तोंडाला बी कुलूपच हुतं व्हय? आन् तू रं, हनमा. हप्ता बंद झाला तवा इचारायचं न्हाई का, का दादा, का? दोगं बी मुके. एका दहावीच्या पोरीला इचारायला लागतं, वर कोन राहतं म्हनून."

मी दारात जराशी उंच झाले.

"ते ठीकाय," काका म्हणाले, "पण मला पैशाची गरज पन हाय, आक्का. नुसता राग न्हाई. माजी पन कंपनी आता स्वेच्छानिवृत्तीचं बोलतीय."

"गरज कुनाला न्हाई? तुला घर इकून गरज भागवायचीय का घर ठिवून, तेवडं सांग. अन् ती चादर बघ आदी. हात लाव."

काका आत आले. चादरीला हात लावला नाही. कोयत्याजवळ गेले आणि नुसते उभे राहिले. पप्पा सांगतात, त्यांना काकांचा खांदा हलताना दिसला आणि आपण काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढून पुढं केला. घडीचाच.

"दे तो अर्ज," काका म्हणाले.

मी धावत खाली गेले, अर्ज आणला, पेन आणला, टेकायला माझं भूगोलाचं पुस्तक आणलं. काकांनी सही केली. मग पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "पण एक. हे वरचं भाड्यानं द्यायचं न्हाई. परकं मानूस ह्या खोलीत नको. शब्द दे."

"दिला," पप्पा म्हणाले. लगेच. विचारसुद्धा न करता. "वरचा मजला भाड्यानं जाणार नाही. शब्द, दादा."

दोघं भाऊ एकमेकांकडे असे बघत होते, जसं काही घर आत्ताच वाचलं.

आई तोवर जिन्यात येऊन उभी होती. कमरेला पदर खोचलेला, हाताला राखेचा वास. तिनं सगळं ऐकलं होतं.

"झालं का?" ती म्हणाली. "मग आता मला सांगा, मॅडमनं मागितलेली दुसरी गोष्ट कुठंय? सही झाली. कमी केलेला हप्ता कुठून भरणार, त्याचा पुरावा? तीन पाळ्यांच्या पगारात घर चालतं, हप्ता नाही चालत. तो चांदीचा दिवा ठेवू का मॅडमसमोर? का दोघं भाऊ मिळून शब्द नेऊन देणार कचेरीत?"

"सविता," पप्पा म्हणाले, "दादांसमोर..."

"दादांसमोरच. मागं बोलून आठ वर्षं झाली."

"वहिनीचं बरोबर हाय," आत्या म्हणाली, आणि आईनं तिच्याकडे भिंतीनंच होकार दिल्यासारखं बघितलं. आत्या आईला सविता म्हणते. वहिनी पहिल्यांदा म्हणाली.

"मी शब्द मागं घेणार न्हाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा जेवणातल्यासारखा झाला. "नसंल जमत तर गिऱ्हाईक हायच."

झालं. फिरून तिथंच. पप्पा खाली फरशीकडं बघायला लागले. मला ती मान माहीत होती. ती मान खाली गेली की थोड्या वेळानं ते म्हणणार, ठीक आहे, दादा.

तेवढ्यात मामा आले. एका हातात अनारसा, दुसऱ्या हातानं कठडा धरत. जावयाला इतका वेळ एकटं सोडलं म्हणून आई जीभ चावायला लागली, पण मामांना त्याचं काही नव्हतं. ते सरळ खिडकीशी गेले आणि सदऱ्याची वरची गुंडी काढली.

"काय वारं हाय हितं," ते म्हणाले. "खाली नुसती भट्टी. तुमी लोक खाली का राहता?"

"तुमी जेवा," आत्या म्हणाली.

"जेवलो की."

सगळे पुन्हा आपापल्या गप्पपणाकडे गेले. मी नाही गेले. मामांचं वाक्य माझ्या डोक्यात खाटेसारखं मधोमध येऊन पडलं होतं, त्याला वळसा घालून जाता येत नव्हतं. तुम्ही लोक खाली का राहता?

मी खाली उतरले. पहिल्यांदा आईच्या मोबाईलवरून कल्याण सरांना फोन लावला. "सर, दिशा बोलतेय. जागा मिळाली का?" सर म्हणाले, एक बघितली, पण तिसऱ्या मजल्यावर आहे, माझा गुडघा नाही म्हणतो. मी विचारलं, "तळमजला चालेल? बाहेर ओटा, सायकली लावायला अंगण, शटर नाही पण दार रस्त्यावर. भाडेकरार लिहून द्यावा लागेल, आम्हाला कचेरीत दाखवायचाय." पलीकडं सरांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, "घरात विचारलंस का?" मी म्हणाले, "सर, विचारायचं काम झालंय. आता सांगायचं राहिलंय." सर हसले आणि म्हणाले, उद्या सकाळी येतो, चहा ठेव.

मग मी माझं दप्तर घेतलं. दहावीची नवी पुस्तकं, कंपासपेटी, माझी उशी. सगळं कवेत घेऊन जिना चढले. कुणी हललं नव्हतं. पप्पांची मान होती तिथंच होती. मी काकांच्या खाटेला वळसा घातला, कोपऱ्यात, कोयत्याच्या खाली, उशी टाकली आणि तिच्यावर दप्तर ठेवलं.

"हे काय?" आई म्हणाली.

"काका," मी म्हणाले, "वरचा मजला भाड्यानं द्यायचा नाही. परकं माणूस ह्या खोलीत नको. बरोबर?"

"बरोबर," काका म्हणाले. जरा सावध होऊन.

"मी परकी आहे का?"

"येडी का काय."

"आई परकी आहे? पप्पा?"

काकांनी खाटेवरून नजर माझ्या उशीकडं नेली. त्यांना दिसायला लागलं होतं. आईला तर आधीच दिसलं होतं, तिनं पदर खोचलेला काढला आणि पुन्हा खोचला.

"तुमची खाट आहे तिथंच राहील. चादर पण. फक्त कुलूप जाईल, आणि आलात की खाली कुणी नसलं तरी वर आम्ही असू. खालच्या मजल्याबद्दल कुणी कुणाला शब्द दिलेला नाही. मी दारात होते, मी नीट ऐकलंय. खाली कल्याण सरांची शिकवणी बसेल. भाडेकरार ते लिहून देतात, तो मॅडमना पुरावा."

मामा खिडकीतून म्हणाले, "मी तेच म्हणलं हुतं."

"धोंड्याच्या महिन्यात घर बदलत नसत्यात," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज भांडायचा नव्हता. ती मला अडवत नव्हती, पाणी किती आहे ते बघत होती. "गृहपरवेश चालत न्हाई ह्या महिन्यात. इचार कुनाला बी."

"घर कुठं बदलतोय, आत्या? जिना चढतोय. आजोबा दर हंगामाला घर डोक्यावर घेऊन तालुके ओलांडायचे, तेव्हा महिना बघायचे का? उसाला धोंडा लागतो का?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग कोयत्याकडे. "माज्या बापाची जीब हिच्याकडं आली वाटतं," ती म्हणाली. "एक पिढी सोडून आली."

काका कठड्याशी गेले, खाली अंगणात बघत राहिले. "सायकली लई हुतील," ते म्हणाले शेवटी. "जिन्याखाली लावू नका म्हनावं. टवके उडत्यात जिन्याचे." म्हणजे हो. आमच्या घरात हो असंच म्हणतात, कशाची तरी तक्रार करून.

पप्पांची मान वर आली होती. त्यांनी सवयीनं काकांकडे बघितलं, परवानगीसाठी, जसं ते आठ वर्षं बघत आले होते. मी नाही बघितलं. मी कडीला अडकवलेलं ते पितळी कुलूप काढलं, किल्ली त्यातच होती, आणि दोन्ही आईच्या हातात दिलं. आईनं हातात जोखलं. पितळ जड असतं.

"आई, पप्पा," मी म्हणाले, "आज रात्रीपासून मी इथं झोपणार आहे. तुम्ही उद्या या, परवा या, तुमचं तुम्ही बघा. पण सोमवारी त्या कचेरीत मी तुमच्याबरोबर येणार, आणि पप्पा, तिथं तुम्ही आमरस वाढू का म्हणायचं नाही. बोलणार मी."